गोळ्या रोग्याच्या हाती देऊ नयेत

माझ्या धाकट्या बहिणीला तेराव्या वर्षापासून फेफरे येत असे. आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. आई 'तिचं ते' म्हणायची, वडील 'प्रकृती' म्हणायचे, आणि मी, खिदिरपूरच्या गोदीत कस्टमच्या कचेरीतला शिकला-सवरलेला कारकून, काहीच म्हणत नसे. कलकत्त्यात आम्ही मराठी माणसे मोजकी. गणपतीला आणि संक्रांतीला जमणारी, एकमेकांच्या घरातली भांडीसुद्धा ओळखणारी. अशा वस्तीत एक गुपित राखायचे तर सगळे घर त्या कामाला जुंपावे लागते. आम्ही जुंपले होते, आणि ते आम्हाला चांगले जमते याचा आम्हाला अभिमान होता. आता चाळिशी ओलांडल्यावर त्या अभिमानाची मला किळस येते. ती येऊन काही भरून निघते असे नाही.

भवानीपूरला आमचे भाड्याचे बिऱ्हाड होते. तिथून ट्रामने मी तिला सरकारी इस्पितळाच्या आउटडोअरला, म्हणजे बाहेरच्या रोग्यांच्या विभागात, नेत असे. तिथल्या डॉक्टरांनी फिनोबार्बिटोन सुरू केले. अर्ध्या ग्रेनची पांढरी गोळी, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, सकाळ, दुपार, रात्र. गोळ्या लागू पडल्या. आठवड्यातून दोनदा पडणारी मुलगी सहा-सहा महिने पडेनाशी झाली. मात्र त्या गोळीने अंगावर सुस्ती येई. शब्द जरा जड निघत, विचारलेल्या गोष्टीचे उत्तर क्षणभर उशिरा येई. एखाद्याला वाटावे, हिचे लक्ष नाही. लक्ष पुरेपूर असे. तिने शाळेची एक वही घेऊन तीत रोजच्या तारखेपुढे तीन खुणा करायचा नेम ठेवला होता. फिट आली तर ती किती वाजता आली आणि आधी काय वाटले, तेही लिही. चार वर्षांत एक खूण चुकली नव्हती. आमच्या घरात इतके नेमके काम दुसरे कोणी करत नव्हते, मी तर नाहीच.

पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य नर्सने आम्हाला समोर बसवून सांगितले होते. पन्नाशीच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या बंगाली बाई, आवाज कोरडा. आईला बंगाली येत नव्हते, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत होतो. "ही गोळी कधीही एकदम बंद करायची नाही. कमी करायची तर डॉक्टर करतील, आठवड्यामागून आठवडे, हळूहळू. मेंदूला हिची सवय होते. अचानक काढून घेतली तर एकामागून एक फिट्स येतील आणि थांबणार नाहीत." मी हे सगळे आईला शब्द न गाळता सांगितले. तेव्हा पुढे मी जे केले ते अज्ञानातून केले, असे म्हणायची सोय मला उरलेली नाही.

स्वातंत्र्य येऊन तीन-चार वर्षे झाली होती. ती एकवीस वर्षांची होती, मी एकतीस. तिचे लग्न झाल्याशिवाय माझे करायचे नाही, असे वडिलांनी ठरवलेले. मला एक मुलगी सांगून आली होती आणि ती मला पसंत होती. हेही लिहायला हवे, नाहीतर सगळे बहिणीच्या भल्यासाठी केले असा वास या लिहिण्याला येईल.

नागपूरचे एक स्थळ चालून आले. पुण्यामुंबईकडे मुलगी बघणे अर्ध्या तासात उरकते. पोहे येतात, नाव विचारतात, एक गाणे म्हणायला लावतात आणि निघतात. कलकत्त्यात तसे नव्हते. मंडळी गाडीत रात्र काढून यायची आणि उतरायची कुठे, तर मुलीच्याच घरी, कारण दुसरे ओळखीचे घर नसे. इतक्या लांब आलोच आहोत तर कालीघाट, व्हिक्टोरिया, प्राणीसंग्रहालय बघून जाऊ म्हणत. म्हणजे बघण्याचा कार्यक्रम चार-चार दिवस चाले. मुलगी शेगडी कशी पेटवते, किती जेवते, जेवल्यावर काय घेते, सगळे बघून होई.

"तीन वेळा गोळी घेताना दिसणारच," आई म्हणाली.

"शक्तीची म्हणून सांगू," वडील म्हणाले.

"मुलाची मामी वैद्याची लेक आहे म्हणे. आणि ती पेंग? मुलगी उभ्याउभ्या झोपते का, असं विचारलं तर?"

यावर तोडगा मी काढला. आठ दिवस आधीपासून गोळ्या बंद ठेवायच्या, मंडळी गेली की पुन्हा सुरू करायच्या. सहा महिन्यांत फिट आली नाही, बारा दिवसांत काय येते. वडिलांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. माझ्या नोकरीतल्या बढतीलाही त्यांनी असे पाहिले नव्हते.

बहीण स्वयंपाकघरात विळीवर दुधी चिरत होती. मी तिला सांगितले, डॉक्टरांनी काही दिवस गोळ्या थांबवायला सांगितल्या आहेत.

"तू विचारलंस त्यांना?"

"विचारलं."

"मला न नेता?"

"तुला कशाला न्यायचं? मी कागद दाखवला, ते हो म्हणाले."

"पण सिस्टर तर म्हणाल्या होत्या..."

"सिस्टर काय डॉक्टर आहेत?"

ती हात पुसून उठली आणि फडताळातली बाटली आणून तिने माझ्या हातात दिली. "वहीत काय लिहू?" तिने विचारले. मी म्हणालो, काही लिहू नकोस, कोरी सोड. ती बाटली मी कचेरीतल्या खणात जुन्या फॉर्मांखाली ठेवली. आत तीसच्या वर गोळ्या होत्या.

पहिले चार-पाच दिवस आमच्या मूर्खपणाला वरून दाद मिळत होती. तिचा चेहरा उजळला, बोलणे चटपटीत झाले. आई म्हणाली, "बघा, गोळीच खात होती पोरीला." सहाव्या दिवसापासून तिची झोप उडाली. ती चिडू लागली, दार वाजले तरी दचकू लागली. एकदा मला म्हणाली, "दादा, माझे हात थरथरताहेत." मी म्हणालो, "बघायला येणार म्हटल्यावर सगळ्याच मुलींचे थरथरतात." सगळ्या मुलींविषयी मला काय ठाऊक होते, देव जाणे.

मुलाचे मामा आणि मामी आले. मुलगा आला नव्हता, त्याला रजा नव्हती. मामा गडगडाटी हसणारे होते.

"कलकत्त्यात वाढलीस. मासे खातेस का, खरं सांग."

"नाही मामा, फक्त भाव विचारते," बहीण म्हणाली.

मामांनी मांडीवर थाप मारली. "अहो, ही तर हजरजबाबी निघाली. आमचा भाचा मुखदुर्बळ आहे, जोडा बरा जमेल." मी कोपऱ्यात उभा राहून असा हसत होतो, जणू तो विनोद मीच तिला शिकवला होता.

मामींचे लक्ष मात्र कपाकडे होते. "बशी वाजतेय," त्या म्हणाल्या.

"थंडी आहे ना," आई म्हणाली.

"नागपूरच्या थंडीपुढे हा उन्हाळाच," मामा म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले. बहीणही हसली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही प्राणीसंग्रहालयात जायला निघालो होतो. चपला घालायला वाकलेली बहीण तशीच पुढे कोसळली. एक फिट संपली, ती शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, मग तिसरी. मामा मागे मागे सरकत जिन्यापर्यंत गेले. वडील 'कांदा आणा, कांदा आणा' करत होते. मामींनी खाली बसून तिला कुशीवर वळवले, डोक्याखाली आपली शाल घातली, तोंडातला फेस पदराने पुसला.

"कधीपासून आहे हिला?"

"पहिल्यांदाच," आई म्हणाली.

"औषध काय चालू आहे?"

"काही नाही."

गेले नऊ-दहा दिवस हे खरेच होते. टॅक्सी येईपर्यंत मामी तिथेच बसून होत्या. खाली मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "आजार कोणालाही होतो हो. पण पहिल्यांदाच म्हणालात." त्या दिवशीच्याच गाडीने ते दोघे परत गेले.

इस्पितळात तिला फिनोबार्बिटोनचे इंजेक्शन दिले, थोड्या वेळाने आणखी एक. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना एरवी चार ते सहा सोडत, पण आईची भाषा कोणाला कळेना म्हणून मला आत राहू दिले. मुख्य नर्स त्याच होत्या. बहिणीला त्यांनी कुशीवर ठेवले होते. इंजेक्शन दिले की छातीवर अडकवलेल्या घड्याळाकडे बघत तिचे श्वास मोजायच्या आणि तक्त्यावर लिहायच्या. या औषधाने फिट्स थांबतात तसा श्वासही मंदावतो, म्हणून ही मोजणी. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओल्या कापसाने तोंड आतून पुसायचे. आईने गंगेच्या पाण्याचा चमचा तिच्या ओठांना लावला तेव्हा बाईंनी आईचे मनगट धरले. "सांगा यांना. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते छातीत जातं." मी सांगितले. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन दोन मिनिटे थांबत. बाकीचा सगळा वेळ तिचा जीव त्या बाईंच्या मोजण्यावर चालला होता, आणि मी घरी विचारले होते की सिस्टर काय डॉक्टर आहेत.

संध्याकाळी त्यांनी मला टेबलापाशी बोलावले. आई शेजारी उभी होती, पण आम्ही बंगालीत बोलत होतो.

"गोळ्या किती दिवस बंद होत्या?"

"माहीत नाही."

"घरी कोण देतं?"

"तीच घेते, आपल्या हाताने."

"वही लिहायची ना ती? आणली आहे?"

मी वही आणली होती. त्यांनी शेवटचे पान उघडले. दहा तारखा लिहिलेल्या, पुढे एकही खूण नाही. कोरे पान माझ्या बाजूने साक्ष देत होते, मला वही फाडायचीसुद्धा गरज पडली नाही.

"बाटली?"

"घरात सापडली नाही."

त्यांनी पेन खाली ठेवले. "दादा, मी काय विचारतेय ते तुम्हाला कळतंय का? दहा दिवसांच्या तीस गोळ्या. तेवढ्या एकदम घेतल्या तर माणूस उठेल याची खात्री नाही. हिने त्या कुठे साठवून तर ठेवल्या नाहीत? घरात लग्नाचं चाललं होतं म्हणता. तिच्या मनाविरुद्ध होतं का?"

खरे सांगायला तिथे दोन वाक्ये पुरली असती. बाटली अजून माझ्या खणात होती. मी म्हणालो, "असेल."

आपण किती हलक्या जातीचे आहोत हे माणसाला सहसा इतक्या स्वच्छपणे दिसत नाही. बाईंनी एका आयेला बोलावले. दोघींनी मिळून माझ्या बेशुद्ध बहिणीची वेणी सोडून चाचपली, पोलक्याच्या शिवणी पाहिल्या, उशी उलटीसुलटी केली. आईने विचारले, "काय शोधताहेत रे?" मी म्हणालो, "काही नाही, इथला नियम आहे." त्यानंतर एक बाई सतत तिच्या खाटेशी बसवली गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती नीट शुद्धीवर आली. आज कोणता वार आहे, हे तिने दोनदा विचारले. मग नर्सबाईंना बंगालीत, जड जिभेने म्हणाली, "दादाने घेतल्या गोळ्या. डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्या होत्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली, जेमतेम दिसेल इतकीच.

"होतं असं," त्या मला हळूच म्हणाल्या. "इतक्या फिट्सनंतर मधले दिवस पुसले जातात. मग मन त्या जागी काहीतरी भरतं. तिच्यावर रागावू नका."

"नाही रागावणार," मी म्हणालो. त्यांनी माझ्याबद्दल दाखवलेला हा समजूतदारपणा मी घेतला आणि खिशात घातला.

घरी सोडताना आउटडोअरच्या तिकिटावर, म्हणजे तिच्या औषधांच्या कागदावर, डॉक्टरांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली, गोळ्या रोग्याच्या हाती देऊ नयेत. पुढे जबाबदार नातेवाईक म्हणून माझे नाव घातले. खणातल्या गोळ्या मी एका जेवणाच्या सुटीत गोदीच्या पाण्यात फेकल्या.

त्यानंतर दोन वर्षे मी तिला गोळ्या दिल्या. सकाळी कचेरीत जायच्या आधी आणि रात्री जेवल्यावर. दुपारची एक आईपाशी वाटीत काढून ठेवायची. गोळी दिली की पाण्याचा घोट, मग तोंड उघडायचे, जीभ वर करायची, मी वाकून बघायचे. नर्सबाईंनी हे शिकवले होते आणि मी ते मन लावून केले. पहिला महिना मला तिच्याकडे बघवत नव्हते. पुढे सवय झाली. आणखी पुढे तिने तोंड अर्धवट उघडले तर मी म्हणू लागलो, "नीट उघड." एकदा शेजारच्या बाईंसमोर मी हसत म्हणालो, "हिच्यावर नजर ठेवावी लागते." ते बोलताना मला ते खरे वाटत होते, ही या सगळ्यातली सर्वांत घाणेरडी गोष्ट. तिने वही लिहायची सोडली. कोणी सांगितलेली गोष्ट ती आता आईला पुन्हा विचारून घेई, 'असंच म्हणाले ना ते?' नागपूरकरांनी बाहेर काही सांगितले की नाही कोण जाणे, पण आणखी स्थळ आले नाही. माझे लग्न मात्र झाले. ती थांबली होती म्हणून थांबलेले माझे लग्न, तिचे होणार नाही हे नक्की झाल्यावर लगेच उरकले.

मग शहराच्या टोकाला बेहाल्याच्या एका मुलींच्या शाळेत तिला खालच्या वर्गांवर शिक्षिकेची जागा मिळण्यासारखी होती. राहायला शाळेलगत एक खोली होती. तिने मुख्याध्यापिकेला आपला आजार स्वतः सांगितला. आमच्या घरातल्या माणसाने हे केले यावर वडिलांचा विश्वास बसेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आजाराचे मला काही नाही, पण एकटी राहणार, मुलींची जबाबदारी. औषध तुमचे तुम्ही नीट घेता एवढे इस्पितळाकडून लिहून आणा.

"तू चल बरोबर," बहीण मला म्हणाली. "तिकिटावर तुझं नाव आहे."

आउटडोअरला नवे डॉक्टर होते. त्यांनी तिकीट वाचले आणि मुख्य नर्सना बोलावून घेतले. बाईंनी ती ओळ पाहिली आणि मान हलवली.

"दोन वर्षांत एकही गोळी चुकलेली नाही, फिट दोनदाच," त्या म्हणाल्या. "पण त्या दुसऱ्याने दिल्या म्हणून चुकल्या नाहीत. एकटं राहायचं पत्र कसं देणार? त्या वेळच्या तीस गोळ्यांचं काय झालं, ते आम्हाला कधी कळलंच नाही."

मला वाटले होते, ती वाद घालेल. तिने घातला असता तर कदाचित मी तेव्हाही गप्प बसलो असतो, ती हरेपर्यंत. ती शांतपणे म्हणाली, "मला त्या दिवसांचं धड आठवत नाही. जे आठवतं त्यावर मी भरवसा ठेवत नाही. तुम्ही लिहिलंय तसंच झालं असेल."

मी म्हणालो, "गोळ्या मी काढून घेतल्या होत्या."

पुढचे मी भराभर सांगितले. पाहुणे येणार होते, डॉक्टरांना विचारलेच नव्हते, बाटली कचेरीत होती, गोळ्या गोदीत टाकल्या. डॉक्टर कागदांत डोके घालून बसले. नर्सबाईंनी मला शेवटपर्यंत बोलू दिले.

"त्या तीन दिवसांत मी तिच्याजवळ एक बाई बसवली होती," त्या म्हणाल्या. "ती जीव देईल म्हणून. ती बाई मी दुसऱ्या खाटेवरून काढली होती. तिथल्या रोग्यालाही कोणीतरी हवं होतं." मग त्यांनी विचारले, "तुम्ही नोकरी कसली करता?"

"कस्टममध्ये. लोकांनी मालाबद्दल जे लिहून दिलेलं असतं ते तपासतो."

"अच्छा," त्या म्हणाल्या.

बहीण माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असे रोखून कधी पाहिले नव्हते.

"म्हणजे डॉक्टरांनी सांगितलंय असं तू मला म्हणाला होतास."

"हो."

"स्वयंपाकघरात."

"हो."

"मला वाटत होतं, मी ते रचलं. मला वाटत होतं, डोक्याचं तेही गेलं आता." तिचा आवाज चढला नाही. मी माफी मागायला तोंड उघडले तेव्हा ती नर्सबाईंकडे वळली होती आणि विचारत होती, शाळा साडेदहा ते साडेचार असते, तर दुपारची गोळी सुटीत घेतली तर चालेल का.

बाईंनी पेनाने ती ओळ खोडली, माझे नावही खोडले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारा सद्गृहस्थ सुनेला घेऊन आला होता. त्याने विचारले, "रोगी कोण आपला?"

"बहीण."

"एकटीच गेली आत? सगळं नीट सांगता येतं तिला?"

"येतं," मी म्हणालो.

आतून तिचे बोलणे ऐकू येत होते. जरा जड, जरा सावकाश, एकामागून एक प्रश्न. बराच वेळ चालले होते. पत्र घेऊन ती बाहेर आली, ते मला दाखवले नाही, आणि मीही मागितले नाही.

ती अजून बेहाल्यालाच असते. सणासुदीला घरी येते, माझ्या मुलांसाठी काहीतरी आणते, वहिनीशी गप्पा मारते. माझ्याशी नीट बोलते, विचारलेल्याचे उत्तर देते. मात्र मी एखादी गोष्ट सांगितली की ती दुसऱ्या कोणाला तरी विचारून घेते, माझ्यादेखत, आणि मी तिथेच बसून ते ऐकतो.